हळदीचं नको, सोन्याचं अक्षर

महाशिवरात्रीला औंढा नागनाथची यात्रा भरते आणि फ्लेक्सवर सगळ्यांना सोनेरी अक्षरंच हवी असतात. नवशिका पोरगा काय करतो? अक्षराला पिवळा रंग देतो. वसमतच्या हळदीचा ढीग पाहिलेला माणूस लगेच विचारणार, "हळद फासली का रे?" सोनं पिवळेपणानं कमी आणि गडद-उजळाच्या झटापटीनं जास्त दिसतं. चकचकीत पत्र्यात वर आभाळ उमटतं, खाली जमीन, मध्ये क्षितिजाची काळपट पट्टी. तेच अक्षरात आणायचं.

फोटोशॉपमध्ये १० बाय ४ फुटांची नवी फाइल ७२ रिझोल्यूशननं घ्या, म्हणजे ८६४० बाय ३४५६ पिक्सेल. लहान करून नंतर ताणू नका. इफेक्टची मापं पिक्सेलमध्ये असतात, ताणताना बिघडतात. मागचा रंग गडद मरून. पांढऱ्यावर सोनं मरतं.

टाइप करण्याआधी प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' हा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. काही जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन'. हे विसरलात तर 'महाशिवरात्री'तली वेलांटी श सोडून पलीकडे जाते आणि 'त्र' मोडून पडतो. आता 'महाशिवरात्री यात्रा' लिहा. फाँट जाड हवा. फुकट मिळणारा मुक्ता, एक्स्ट्रा बोल्ड, उत्तम.

लेयरवर डबल क्लिक करून ग्रेडियंट ओव्हरले उघडा. लिनिअर, अँगल ९०. खालून वर पाच रंग (कंसातले आकडे आरजीबीचे): गडद तपकिरी (९०, ५५, १०), मधाळ (२००, १४०, ३०), पुन्हा तपकिरी, जवळपास पांढरा साईसारखा (२५५, २४४, १९०), शेवटी मधाळ. मधला तपकिरी आणि त्याच्या वरची साय अगदी चिकटवून ठेवा. सगळी चमक या एका सांध्यात आहे.

मग बेव्हल अँड एम्बॉस: इनर बेव्हल, चिझल हार्ड, डेप्थ २०० च्या आसपास. साइज काना किती जाड आहे त्याच्या निम्मा. काना १२० पिक्सेल असेल तर ६०. दोन्ही उतार मधोमध भेटतात आणि शिरोरेघेवर छिन्नीनं काढल्यासारखी धार येते. ग्लॉस काँटूर 'रिंग', अँटी-अलाइज्डवर टिक. शॅडोचा काळा काढून गडद तपकिरी द्या, काळ्यानं सोनं मळकट होतं.

स्ट्रोक आउटसाइड, बारीकच. जाड केला की 'त्र'च्या पोटातली जागा बुजते. ड्रॉप शॅडो चवीपुरती.

चांदी हवी असेल तर ग्रेडियंट आणि बेव्हलची तपकिरी शॅडो निळसर करड्यात न्या. दुसऱ्या ओळीला कॉपी लेयर स्टाइल, पेस्ट लेयर स्टाइल पुरतं.

छपाईला देताना फाइलची प्रत काढा, आधी फ्लॅटन करा, मगच सीएमवायके. उलट केलं तर इफेक्टचे रंग बदलतात. स्क्रीनइतकी झळाळी शाईत येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. मूळ पीएसडी जपून ठेवा. पुढच्या महाशिवरात्रीला फक्त तारीख बदलायची असते.