कडू दुधी टाकून द्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीत पहिल्यांदाच दुधीचा वेल चढवला. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, पण मादी फुलामागचं बोटभर फळ दोन-चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. चौथ्या मजल्यावर परागीभवनाला किडे पुरेसे येत नसावेत. मग दवाखान्यातून आलो की नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि परागकण मादी फुलावर अलगद टेकवायचे, हा रोजचा नेम झाला. एक फळ धरलं, बघता बघता हातभर झालं.

कापल्यावर त्याची चकती जिभेला लावली, तर कडूजहर.

घरात सगळेच हळहळले. एवढी मेहनत, फवारणी नाही, वरून ताजा! "उकडून बघू, कडूपणा जाईल," असंही म्हणून झालं. पण तो जात नाही. दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गीय भाज्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात आणि शिजवूनही ती नाहीशी होत नाहीत. उन्हाचा ताण पडला, पाणी कमी-जास्त झालं किंवा घरी धरलेल्या बियाण्यात कडू जातीचा संकर झालेला असला, की ती वाढतात. आमचं बी शेजारून आलं होतं. असा दुधी पोटात गेला तर उलट्या, जुलाब, पोटात कळा येतात. कधी रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. यावर उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार करता येतात. रसातून तर एका वेळी बरंच पोटात जातं. म्हणून आधी चकती चाखा, कडू लागली तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. चुकून खाल्लं गेलं आणि त्रास सुरू झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

घरचं म्हटलं की आपण निर्धास्त होतो, तिथेच मला काळजी वाटते. ताप आलेल्या एका आजींना तपासायला घरी गेलो होतो. बाल्कनीत सुरेख बाग, टोमॅटो लगडलेले. कुंड्यांखालच्या ताटल्यांत मात्र स्वच्छ पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. डेंगीचा डास असंच पाणी शोधतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, कारण अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. आठवड्यातून एकदा ताटली घासून, वाळवून ठेवा.

मातीत हात घालण्याआधी धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. दहा वर्षं उलटली असतील तर टीडीचा एक डोस घ्या. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा, कोथिंबीर-पुदिना आपण कच्चाच खातो. आणि मातीची गोणी कमरेत वाकून एका झटक्यात उचलू नका. माती घमेल्यातून थोडी थोडी न्या.

वॉरफेरिन किंवा एसिनोकुमारॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळं सांगतो. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळ्यांचा परिणाम कमी करतं. भाजी सोडू नका, पण बागेत पालक फोफावला म्हणून एकदम रोज वाटी-वाटीही खाऊ नका. प्रमाण बदलणार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासून मात्रा ठरवता येईल.

हे वाचून कुणी बागेचा बेत रद्द केला तर मला वाईट वाटेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा घरांत पालेभाजी हाताशी असावी, असं मला मनापासून वाटतं. लोहाच्या गोळ्यांची जागा ती घेणार नाही, पण ताटात रोज येईल. नवख्यांनी मेथीच लावावी. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, भोकं पाडलेल्या वीतभर खोल टबात पेरा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, महिन्याभरात जुडी हातात येते. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नका.

यंदा आम्ही दुधीचं बी खात्रीच्या दुकानातून आणलं. वेलावर दोन फळं आहेत. पहिलं उतरवलं की चकती आधी मीच चाखणार आहे.