प्लगिनच्या पर्यायांची परीक्षा

संगणकाच्या आज्ञावलींत एखादें अक्षर चुकलें तर बहुधा काम तेथेंच थांबतें व चूक उघडकीस येते. परंतु कांहीं चुका अशा असतात कीं, त्या झाल्या तरी यंत्र मुकाट्यानें पुढें चालतें. अशा चुकांस आरंभींच कसें अडवावें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस एका खऱ्या उदाहरणावरून सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

'ईएसलिंट' नांवाचें एक साधन आहे. निकोलस झकास यांनीं तें २०१३ सालीं निर्माण केलें. जावास्क्रिप्ट भाषेंत लिहिलेली आज्ञावली न चालवितां केवळ वाचून तिच्यांतील दोष दाखविणें, हें त्याचें काम. दोष कशास म्हणावयाचें हें नियमांवरून ठरतें. कांहीं नियम साधनाबरोबरच येतात. इतर नियम लोक स्वतः रचून त्यास जोडतात. अशा जोडावयाच्या संचास 'प्लगिन' म्हणतात. कोणता नियम कसा लावावा, याविषयींच्या सूचना वापरणारा एका फाइलींत लिहून ठेवितो. नियमाबरोबर दिलेल्या ह्या सूचनांस 'पर्याय' म्हणतात.

आतां साधनाबरोबर येणारा 'मॅक्स-लाइन्स' हा नियम घेऊं. एका फाइलींत फार ओळी असूं नयेत, एवढेंच तो पाहतो. कांहीं न सांगितल्यास मर्यादा ३०० ओळींची धरली जाते. 'मॅक्स' ह्या नांवापुढें दुसरा आंकडा लिहिला कीं ती बदलते. समजा, एकत्र काम करणाऱ्या एका गटानें ती १०० ठरविली. पण लिहिणाऱ्याच्या हातून ह्या इंग्रजी नांवांतील 'ए' हें अक्षर गळलें. साधनानें तें अनोळखी नांव नुसतें सोडून दिलें असतें, तर काय झालें असतें? मर्यादा ३०० च राहिली असती. २५० ओळींची फाइल निर्दोष ठरली असती, आणि आपला नियम लागू आहे अशा समजुतीनें सर्व निश्चिंत राहिले असते. दारीं पहारेकरी नसेल तर मनुष्य निदान कडी तरी लावितो. पहारेकरी आहे असें वाटल्यावर तो तेंही करीत नाहीं.

म्हणून नियमाचा कर्ता आपल्या नियमाबरोबर पर्यायांचा एक तक्ता देतो. त्यास 'स्कीमा' म्हणतात. फाइलींतील सूचना ह्या तक्त्याशीं ताडून पाहिल्यावांचून साधन दोष शोधण्यास आरंभ करीत नाहीं. ही परीक्षा मुख्यत्वें तीन प्रकारची असते. पहिली नांवाची : तक्त्यांत नसलेलें नांव आढळलें तर तें नाकारावें. दुसरी जातीची : ओळींची मर्यादा पूर्णांकच असली पाहिजे, 'शंभर' असें अक्षरीं लिहून चालत नाहीं, आणि टिप्पणीच्या ओळी वगळाव्या कीं नाहींत, ह्या पर्यायाचें मूल्य 'खरें' अथवा 'खोटें' एवढेंच असूं शकतें. तिसरी आवांक्याची : मर्यादा शून्याहून कमी असूं नये. ह्यांपैकीं एकींतही सूचना उतरली नाहीं, तर साधन थांबतें आणि कोणत्या नियमाचें कोणतें मूल्य मान्य नाहीं, हें सांगतें. नुसतें 'चूक आहे' म्हणणाऱ्या संदेशापेक्षां असा संदेश फार उपयोगी. कारण वापरणाऱ्यास दुरुस्ती कोठें करावयाची हें लागलीच कळतें.

पूर्वीं ह्या व्यवस्थेंत एक पळवाट होती. ज्या नियमास तक्ता जोडलेला नसे, त्यास कोणतेही पर्याय दिले तरी ते बिनतपासणीनें आंत जात. एप्रिल २०२४ मध्यें ह्या साधनाची नववी आवृत्ति निघाली, आणि ही पळवाट बंद झाली. आतां तक्ता नसलेल्या नियमास एकही पर्याय दिला तर तो चुकीचा ठरतो. परीक्षा नकोच असेल, तर नियमाच्या कर्त्यानें तसें स्पष्ट लिहावें लागतें. ह्यामुळें कित्येक प्लगिनकर्त्यांवर नवे तक्ते लिहिण्याचें काम पडलें हें खरें. परंतु एकानें एकदां केलेल्या ह्या श्रमानें वापरणाऱ्या सर्वांचा शोधाशोधीचा त्रास वांचतो. म्हणून हा कडकपणा आम्हांस योग्य वाटतो.

तथापि ह्या परीक्षेची मर्यादाही जाणली पाहिजे. १०० लिहावयाचे तेथें कोणीं १००० लिहिले, तर नांव बरोबर, जात बरोबर, आवांकाही बरोबर. तक्ता त्यास हरकत घेणार नाहीं. सूचनेचें रूप यंत्र तपासतें. तिच्यामागील हेतु तपासण्याचें काम मनुष्याचेंच राहतें. यास्तव अशी फाइल दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्यानें वाचून पाहावी, हें उत्तम.

जे विद्यार्थी स्वतः आज्ञावली लिहूं लागले आहेत, त्यांस आमची एक सूचना आहे. तुमच्या आज्ञावलीस पर्याय देण्याची सोय केलीत, कीं त्यांचा तक्ता आधीं करा. नंतर मुद्दाम एका पर्यायाचें नांव चुकवून लिहा व आज्ञावली चालवून पाहा. ती तुम्हांस अडवून चुकलेलें नांव दाखविते काय? दाखवीत नसेल, तर पुढील काम थोडें थांबवून प्रथम तेवढी दुरुस्ती करावी.