बर्फावर जाताना डोळ्यांना कोणता चष्मा?

सुट्या लागल्या की आपल्याकडील अनेक कुटुंबे कुलू-मनाली, काश्मीर, लेह-लडाखच्या सहलीला निघतात. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगपलीकडे सिस्सूपर्यंत जाणेही सोपे झाले आहे. गुलमर्ग किंवा औली येथे बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, शिकायला जाणारी तरुण मंडळीही आहेत. स्वेटर, कानटोपी, हातमोजे यांची यादी आठ दिवस आधी तयार होते. डोळ्यांचा चष्मा मात्र ऐनवेळी रस्त्यावरच्या फेरीवाल्याकडून घेतला जातो. वास्तविक बर्फावर सर्वांत आधी जपायचे ते डोळ्यांनाच.

बर्फाने डोळे का भाजतात?

सूर्यप्रकाशात आपल्याला दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारे अतिनील (जंबुपार) किरणही असतात. समुत्रसपाटीपासून दर १००० मीटर उंचीला त्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढते. रोहतांग खिंड जवळजवळ ३९८० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर, यावरून अंदाज करावा. दुसरी गोष्ट म्हणजे हिरवळ या किरणांपैकी १० टक्क्यांहून कमी भाग परत फेकते, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे बर्फावर किरण वरूनही येतात आणि खालूनही. टोपीची झालर किंवा कपाळावर धरलेला हात खालून येणारे किरण अडवू शकत नाही.

या किरणांनी डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, वरची नाजूक त्वचा भाजते. यालाच हिमांधत्व म्हणतात. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याचे डोळे रात्री चुरचुरतात हे आपण गावोगावी पाहतो. तोच हा विकार. यातील फसवी बाब अशी की त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री हॉटेलवर परतल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, पापण्या सुजतात, दिव्याकडे पाहवत नाही. वर्षानुवर्षे असे किरण डोळ्यांत जात राहिल्यास मोतीबिंदू लवकर होण्याचा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढण्याचा धोकाही असतो.

काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे

चष्मा घेताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. काचेचा रंग आणि अतिनील किरण अडवण्याची शक्ती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रंगाने फक्त दिसणारा उजेड कमी होतो. अतिनील किरण अडतात ते काचेच्या मूळ द्रव्यामुळे किंवा तिच्यावरील लेपामुळे. चांगल्या पॉलिकार्बोनेटची काच रंगहीन असली तरी हे किरण अडवते. याउलट हलक्या प्रतीची काळी काच अधिक घातक ठरू शकते. अंधार वाटल्यामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, डोळे मिचकावावेसे वाटत नाहीत, आणि किरणांना आत जायला वाट मोकळी मिळते. म्हणून चष्म्यावर 'यूव्ही ४००' किंवा '१०० टक्के यूव्ही संरक्षण' असे लिहिलेले आहे का हे प्रथम पाहावे. नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा न ठेवता चष्म्याच्या चांगल्या दुकानात यंत्रावर काच तपासून मिळत असेल तर अवश्य तपासून घ्यावी.

उजेडाप्रमाणे काच

अतिनील किरणांचा प्रश्न मिटला की मग रंगाचा विचार करावा. काचेतून किती टक्के उजेड आत येतो यावरून तिचे ० ते ४ असे क्रमांक पाडलेले असतात. स्कीइंगच्या गॉगलवर ते 'एस १', 'एस २' असे छापलेले आढळतात.

१) लख्ख ऊन : ३ क्रमांकाची काच. तिच्यातून ८ ते १८ टक्के उजेड येतो. रंग गडद करडा किंवा तपकिरी. वरून आरशासारखा लेप असल्यास चकाकी आणखी कमी होते.

२) ऊन-सावलीचा खेळ : २ क्रमांकाची काच, १८ ते ४३ टक्के उजेड. एकच काच घ्यायची असेल तर स्कीइंगसाठी ही मधली निवड बरी.

३) ढगाळ हवा, धुके, हिमवर्षाव : १ क्रमांकाची काच, ४३ ते ८० टक्के उजेड. रंग पिवळा, नारिंगी किंवा गुलाबी. अशा हवेत सावल्या पडत नाहीत. खड्डा कुठे, उंचवटा कुठे हे कळत नाही आणि घसरणारा माणूस आपटतो. पिवळसर काच निळसर उजेड कमी करते, त्यामुळे बर्फातील चढउतार अधिक स्पष्ट दिसतात.

४) दिव्यांच्या उजेडातील स्कीइंग : ० क्रमांकाची, जवळजवळ रंगहीन काच. ती वारा आणि उडणारे बर्फाचे कण अडवते.

४ क्रमांकाची काच फक्त ३ ते ८ टक्के उजेड आत घेते. ती हिमनद्यांवर आणि उंच शिखरांवर जाणाऱ्या गिर्यारोहकांसाठी आहे. ती लावून वाहन चालवू नये.

ढगाळ दिवशी चष्मा काढून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. पण पातळ ढगांतून ९० टक्क्यांहून अधिक अतिनील किरण खाली येऊ शकतात. काच फिकट करावी, चष्मा काढू नये.

काचा बदलता येणारा गॉगल घेऊन सोबत १ आणि ३ क्रमांकाच्या दोन काचा ठेवणे सोयीचे. उजेडाप्रमाणे आपोआप रंग बदलणाऱ्या काचाही मिळतात. मात्र थंडीत त्या अधिक गडद होतात आणि पुन्हा फिकट व्हायला वेळ लावतात. पोलराइज्ड काच चकाकी चांगली कमी करते, परंतु निसरड्या बर्फाची चमक हीच सावधानतेची खूण असते, ती कधीकधी या काचेतून दिसत नाही. स्कीइंग करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

बसतो कसा हेही पाहा

नुसते बर्फ पाहायला जाणाऱ्यांना बाजूंनी वळलेला, डोळे नीट झाकणारा ३ क्रमांकाचा चष्मा पुरे. स्कीइंगला मात्र चेहऱ्याला टेकणारा, स्पंजाची कड असलेला गॉगल हवा. कडेतून फट राहू नये आणि नाकावर दाब पडू नये. दुहेरी काच असल्यास वाफ कमी धरते. आतून ओलसर झालेली काच रुमालाने पुसू नये, आतला लेप निघून जातो. पाणी झटकून ती वाळू द्यावी. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी त्यावरून बसणारा मोठा गॉगल मागून घ्यावा. लहान मुलांच्या डोळ्यातील नैसर्गिक भिंग अधिक पारदर्शक असल्याने किरण आतवर पोचतात. मुलांना खेळण्यातला गॉगल देऊ नये.

डोळे भाजलेच तर

कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास लगेच काढाव्यात. अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी, मिटलेल्या डोळ्यांवर थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवावी. डोळे चोळू नयेत. दूध, मध, गुलाबपाणी असे काहीही डोळ्यांत घालू नये. बधिर करणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब दुकानातून परस्पर आणून टाकू नयेत. त्यांनी कॉर्नियाची हानी होते. बहुधा एक ते तीन दिवसांत डोळे बरे होतात. तरीही नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, आणि दुखणे वाढले किंवा नजर अंधुकच राहिली तर एक दिवसही थांबू नये.

वाटेत चष्मा हरवला किंवा फुटला, तर जाड पुठ्ठ्याला डोळ्यांसमोर आडव्या बारीक चिरा पाडून तो दोरीने बांधावा. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक हाड आणि लाकडाचे असेच चिरांचे चष्मे पूर्वीपासून वापरत आले आहेत. उघड्या डोळ्यांनी बर्फ पार करण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा. सहलीच्या सामानाच्या यादीत या वेळी चष्मा पहिल्या ओळीत लिहा.