‘दोष’, ‘त्रुटी’ आणि ‘हमी’ : सदोष मोटारीच्या तक्रारीची भाषा

जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहपुरा हे तहसिलीचे गाव आहे. 1817 पर्यंत जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि तेथे मराठी कुटुंबांची वस्ती आजही आहे. अशा एखाद्या कुटुंबाने नागपुरात नवी मोटार विकत घेतली आणि ती सदोष निघाली, तर खरेदीची बोलणी मराठीत, हमीपत्र इंग्रजीत आणि तक्रार हिंदीत असा त्रिभाषिक प्रसंग उद्भवतो. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ही तक्रार सामान्यतः विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा तक्रारीचे कारण घडले तेथे नोंदवावी लागे. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या 2019 च्या कायद्याने ती तक्रारदाराच्या स्वतःच्या जिल्ह्यात, म्हणजे येथे जबलपूरच्या आयोगापुढे, नेण्याची मुभा दिली. सोय झाली हे खरे. पण तिच्याबरोबर तक्रारीची भाषाही बदलली, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

पहिला भेद तक्रारदाराच्या नावातच आहे. मराठीत तो ‘ग्राहक’, हिंदीत ‘उपभोक्ता’. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापन केली, तेव्हापासून मराठीत या शब्दाला चळवळीचा अर्थ चिकटला. ‘ग्राहक’ म्हणजे घेणारा, ‘उपभोक्ता’ म्हणजे वापरणारा. कायद्याने दोघांनाही आश्रय दिला आहे: खरेदी करणारा, आणि त्याच्या संमतीने वस्तू वापरणारा. वडिलांनी घेतलेली मोटार मुलगा चालवीत असेल तर मराठी शब्द वडिलांकडे बोट दाखवितो, हिंदी शब्द मुलाकडे.

दुसरा भेद अधिक घातक ठरू शकतो. मराठी निर्णयांत ‘सेवेतील त्रुटी’ हा रूढ प्रयोग. हिंदीत त्याच अर्थी ‘सेवा में कमी’ म्हणतात आणि ‘त्रुटि’ हा शब्द वस्तूच्या दोषासाठीही येतो. म्हणजे दुरुस्तीतील हयगयीबद्दल मराठी वळणाने ‘त्रुटी’ लिहिणारा हिंदी वाचकाच्या लेखी यंत्रातील दोषच सांगून बसण्याची शक्यता आहे. या दोन आरोपांचे पुरावे वेगळे, बहुधा प्रतिवादीही वेगळे. यंत्रातील दोष उघड नसेल तर तज्ज्ञाचा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. हयगयीला दुरुस्तीची कागदपत्रे पुरू शकतात.

मग ‘दोष’ कशाला म्हणावे? कायद्याने गुणवत्ता, प्रमाण, प्रभाव, शुद्धता व दर्जा यांतील उणेपणा अशी व्यापक व्याख्या केली आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात मुख्य अर्थाला बाध आणणारे ते दोष, अशी कसोटी मांडली. न्यायालयांची दृष्टी तिच्यापासून फार दूर नाही. रंगावरचा ओरखडा व इंजिनाचा बिघाड हे दोन्ही व्याख्येत बसू शकतात. पण सबंध मोटार बदलून मागताना तिचे मोटारपणच बाधित झाल्याचे दाखवावे लागते. (साम्य येथेच थांबते. सदोष काव्य परत करण्याची सोय आलंकारिकांनी ठेवलेली नाही.)

खरी अडचण ‘हमी’पाशी येते. 1930 च्या मालविक्री कायद्यात शर्त आणि हमी यांत स्पष्ट भेद आहे. शर्त मोडल्यास माल नाकारता येतो. हमी मोडल्यास केवळ भरपाई मिळते. आणि माल एकदा स्वीकारला की शर्तीचा भंगही सामान्यतः हमीभंगाच्या पायरीवर उतरतो. मराठी बोलण्यात मात्र ‘हमी दिली’ म्हणजे पूर्ण जबाबदारी घेतली. मोटारीच्या छापील हमीपत्राचा अर्थ इतका उदार नसतो. 2006 मध्ये मारुती उद्योगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहिले: हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची होती, म्हणून सबंध वाहन बदलून देण्याचा आदेश टिकला नाही. ग्राहकाने ऐकलेली हमी आणि कंपनीने लिहिलेली हमी यांतले हे अंतर सामान्य खरेदीदारास गाडी ताब्यात आल्यावरच कळते, ही गोष्ट न्याय्य वाटत नाही.

गोव्यातील प्रकरणात प्रश्न कर्त्याचा होता. 2011 च्या मोटारीचे पैसे भरलेल्या खरेदीदाराला 2009 मध्ये तयार झालेली, 622 किलोमीटर धावलेली गाडी देण्यात आली. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर विक्रेता आणि निर्माता दोघेही जबाबदार ठरले. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला वगळले; दोघांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते आणि निर्मात्याला या कृत्याची माहिती होती असे सिद्ध झाले नव्हते. विक्रेत्याची जबाबदारी कायम राहिली. ‘मला जुनी गाडी देण्यात आली’ ही मराठीतील सोयीची कर्मणी रचना तक्रारअर्जात पुरत नाही. कोणी दिली, कोणाला ठाऊक होते, हे कर्तरी वाक्यात सांगावे लागते.

तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग पुरतो. या दोन वर्षांतील महत्त्वाचे लेखन वकिलाचे नसते. कार्यशाळेच्या प्रत्येक जॉब कार्डावर ग्राहकाने सांगितलेला बिघाड लिहिण्याची जागा असते. तेथे कर्मचारी बहुधा आपल्या परिभाषेत दोन शब्द टाकून मोकळा होतो आणि ग्राहक खाली सही करतो. चढावर क्लच घसरतो, तिसऱ्यांदा घसरला, हे त्याच्याच शब्दांत त्या जागी उतरले असेल, तर जबलपुरात पुढे उभे राहणाऱ्या तक्रारीचा पहिला मसुदा तोच असतो.