उंदीर पडले!

'गावात उंदीर पडले,' एवढे शब्द कानी येताच देशावरील खेड्यापाड्यांतून एके काळी माणसांच्या काळजात धस्स होत असे. घराच्या आढ्यावरून एखादा उंदीर खाली येई, माणसाला न भिता झिंगल्यासारखा अंगणात फिरे आणि मरून पडे. मग थोड्याच दिवसांत कोणाच्या जांघेत, तर कोणाच्या काखेत गाठ उठे व ताप चढे. अशा वेळी सारा गाव शेतात आणि माळावर झोपड्या घालून राही. हा उपाय कोणा पंडिताने शिकविला नव्हता. तो अनुभवाने सापडला होता, आणि पुष्कळ अंशी खराही होता.

उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा कोणता, हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते. इ. स. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे यर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधून काढला. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. रोग हवेतून किंवा घाणीतून पसरत असावा, या समजुतीने सरकारने घरे जंतुनाशकांनी धुवून काढली. रोग्यांना घरांतून उचलून नेले. लोक संतापले. आणि एवढे करूनही रोग हटला नाही. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांना याच रोगाने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढील वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत त्याने पिसवांनी भरलेला एक रोगी उंदीर ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणे शक्य नव्हते. खालचा उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही प्लेगने मेला. मधले अंतर केवळ पिसवाच ओलांडू शकत होत्या! सिमाँने हे प्रसिद्ध केले, तरी कित्येक विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

हा वाद मिटला तो मुंबईत. आज जेथे हाफकिन संस्था उभी आहे, त्या परळच्या प्रयोगशाळेत १९०५ साली प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले. डॉ. लिस्टन यांसारखे संशोधक त्यात होते. त्यांनी मुद्दाम लहान खोल्या बांधून त्यांत रोगी व निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा नसताना निरोगी प्राणी रोग्यांच्या शेजारी राहूनही सुरक्षित राहिले; पिसवा सोडताच मरू लागले. त्याहून बोलका पुरावा टांगलेल्या पिंजऱ्यांचा होता. जमिनीवरील पिंजऱ्यांतले प्राणी रोगाला बळी पडत. दोन फूट उंच टांगलेल्यांतले मात्र वाचत, कारण पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही. हवा तर दोन्ही पिंजऱ्यांस सारखीच होती.

पिसू रोग देते कशी, हे लंडनमध्ये बॅकॉट व मार्टिन यांनी १९१४ साली दाखविले. जंतू वाढून पिसवेच्या अन्नमार्गात बूच बसते. रक्त पोटात उतरत नाही. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते व ती दुसरे ऊबदार शरीर शोधू लागते. म्हणूनच प्लेगच्या गावी आधी उंदीर मारण्याचा उत्साह घातक ठरतो. प्रथम बिळांत पिसूनाशक पूड टाकावी लागते. उंदरांचा समाचार त्यानंतर.

या ज्ञानाची कसोटी मराठवाड्यातच लागली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. आज छत्रपती संभाजीनगर विभागात मोडणाऱ्या बीड जिल्ह्यातही त्याची धास्ती पसरली. लोक घराबाहेर राहू लागले व धान्य मात्र घरातच राहिले. त्यावर उंदरांची पैदास वाढली, असे अनुमान पुढे तज्ज्ञांनी केले. १९९४ च्या पावसाळ्यात बीडजवळील मामला गावात पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर पडू लागले आणि सप्टेंबरात गाठीच्या तापाचे रोगी आढळले. त्याच महिन्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडविला व लाखो लोक शहर सोडून गेले. हा प्लेगच का, अशी शंका काहींनी घेतली होती. बीड व सुरत येथे मिळालेल्या जंतूंची प्रयोगशाळेत परीक्षा होऊन ती बरीचशी फिटली.

परंतु मामल्याला १८९६ ची पुनरावृत्ती झाली नाही. रोग्यांना टेट्रासायक्लिनसारखी औषधे मिळाली, घराघरांतून कीटकनाशक फवारले गेले.

तथापि, प्लेगचे जंतू रानातल्या उंदीरजातीच्या प्राण्यांत मुक्काम ठोकून राहतात. २००२ च्या फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशात एका शिकाऱ्याने रानमांजर मारून सोलले आणि तेथे पुन्हा प्लेग उद्भवला. त्यामुळे संशोधक रानावनांतून उंदीर पकडतात, त्यांचे रक्त तपासतात आणि एकेका उंदराच्या केसांतून विंचरून काढलेल्या पिसवा मोजून वहीत टिपून ठेवतात.