अथेन्सचे नागरिक व दख्खनमधील यवन
(प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील शिक्षकांसाठी पाठटिपण)

प्राचीन ग्रीस हा विषय निघाला म्हणजे बहुधा ऑलिंपिकचे सामने, अलेक्झांडरची स्वारी व सॉक्रेटिसाचा विषाचा पेला एवढ्यावर पाठ आटोपतो. वस्तुतः ग्रीकांचे विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी पडणारे देणे म्हणजे ‘नागरिक’ ही कल्पना होय. ती कल्पना कशी उदयास आली, तिच्यात कोणाला जागा मिळाली व कोणाला मिळाली नाही, हे समजावून देणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी लागणारी निम्मी सामग्री आपल्या जिल्ह्याच्या आसपासच्या डोंगरांत कोरलेली आहे, ही गोष्ट शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानात घ्यावी.

प्रथम अथेन्सकडे वळू. इसवी सनापूर्वी ५०८-०७ च्या सुमारास क्लेइस्थेनीज याने अथेन्सच्या प्रदेशाची ‘डेमॉस’ नावाच्या सुमारे १४० गावठाण-घटकांत व १० गटांत नवी मांडणी केली. मुलगा १८ वर्षांचा झाला की त्याचे नाव त्याच्या घटकाच्या यादीत चढे व तो नागरिक ठरे. आपल्याकडे गावाच्या मतदारयादीत ज्यांचे नाव आहे त्या सर्वांची मिळून ग्रामसभा होते. तिच्याशी ही रचना ताडून पाहिल्यास मुलांना चटकन उमगेल. नागरिकांची मुख्य सभा प्निक्स नावाच्या टेकडीवर भरे व तेथे प्रत्येकास बोलण्याचा व हात वर करून मत देण्याचा अधिकार असे. सभेपुढील कामकाज ५०० जणांचे मंडळ तयार करी. हे ५०० जण दर वर्षी चिठ्ठ्या टाकून निवडले जात, आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच ही जागा मिळे. न्यायालयात पंच म्हणून बसणाऱ्यास दिवसाचा भत्ता मिळे. तो पुढे तीन ओबोल, म्हणजे अर्धा द्राख्मा, झाला. गरीब माणसालाही राज्यकारभारास वेळ देता यावा, ही त्यामागील दृष्टी होती.

येथवर सांगून थांबल्यास पाठ अर्धवट राहील. या सभेत स्त्रिया नव्हत्या. गुलाम नव्हते. आणि ‘मेतॉइकॉस’, म्हणजे अथेन्समध्ये येऊन स्थायिक झालेले बाहेरगावचे लोक, तेही नव्हते. हे परके व्यापार करीत, युद्धात लढत, देवीच्या मिरवणुकीत तबके घेऊन चालत. परंतु पुरुषामागे वर्षाला १२ द्राख्मा कर भरूनही त्यांना जमीन विकत घेता येत नसे की मत देता येत नसे. तेथे जन्मलेली त्यांची मुलेही परकीच राहत. ज्याच्या ग्रंथात ‘नागरिक कोणाला म्हणावे’ याची सर्वांत बारकाईची चर्चा आहे, तो ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये परकाच होता.

या संदर्भात दोन गोष्टी मुलांना अवश्य सांगाव्यात. पेरिक्लीज या थोर पुढाऱ्याने इसवी सनापूर्वी ४५१ मध्ये कायदा करविला की, ज्याचे आईवडील दोघेही अथेन्सचे आहेत तोच नागरिक. पुढे महामारीत त्याचे दोन्ही मुलगे दगावले. उरला तो मिलेटस गावच्या अस्पासियापासून झालेला मुलगा. आणि तो त्याच कायद्याने परका ठरला होता. अखेर पेरिक्लीजला लोकांपुढे विनंती करावी लागली व सभेने त्या मुलाला खास बाब म्हणून नागरिक करून घेतले. दुसरी गोष्ट लिसिआस याची. त्याचा बाप सिराक्यूजहून अथेन्सला आलेला व ढालींचा मोठा कारखाना चालविणारा. इसवी सनापूर्वी ४०४ मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी लिसिआसच्या भावाला ठार केले व मालमत्ता लुटली. लिसिआस निसटला, आणि त्याने लोकसत्ता परत आणणाऱ्यांना पैसा व ढाली पुरविल्या. लोकसत्ता परत आली. त्याला नागरिकत्व देण्याचा ठरावही झाला. परंतु कार्यपद्धतीतील एका दोषावरून तो रद्द करण्यात आला. उरलेले आयुष्य त्याने इतरांना न्यायालयात करावयाची भाषणे लिहून देण्यात घालविले. पेरिक्लीजच्या मुलाला जे मिळाले ते लिसिआसला का मिळाले नाही, हा प्रश्न वर्गासमोर ठेवावा व मुलांना बोलू द्यावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका दर्यावर्दी मार्गदर्शिकेत पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस सुमारे १० दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्यांतून बंदरावर येत, असे ती सांगते. या व्यापारी मार्गांनी जोडलेल्या प्रदेशांतील लेण्यांत ‘यवन’ भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांब धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, तर चित नावाच्याने भोजनमंडप दिला. नाशिकच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात उत्तरेकडील दत्तामित्रीचा योनक इंद्राग्निदत्त आपले व पित्याचे नाव सांगून आईवडिलांच्या पुण्यार्थ लेणे दिल्याचे नोंदवितो. ही नावे बहुतांशी भारतीय वळणाची आहेत. त्यामुळे हे लोक वंशाने ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेले सर्वच लोक यवन म्हणविले जात, याविषयी पंडितांत मतभेद आहे.

‘यवन’ हा शब्द ग्रीकांच्या ‘आयोनिया’ या प्रांतनामावरून आला. पुढे मराठीत तो मुसलमानांनाही लावला जाऊ लागला. मुलांनी हा शब्द घरी किंवा अन्यत्र त्या अर्थाने ऐकलेला असण्याचा संभव आहे; तरी पाठाच्या आरंभीच दोन्ही अर्थ वेगळे करून सांगावेत, म्हणजे कोणा मुलास अकारण संकोच वाटणार नाही.

कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील लेण्यांत पैठणच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळातील मितदेवाचे दान आहे. मगिल या राजवैद्याचे आहे, आणि त्याच्या मुलीचे, दत्तेचे, तिच्या स्वतःच्या नावाने आहे. लेण्यांतून दाता आपली ओळख गावाने, धंद्याने, आईबापांच्या नावाने देतो. यवनाचा लेख आणि गांधिकाचा लेख यांची घडण एकच आहे. अथेन्समध्ये परक्याचे नाव ज्या यादीत चढत नव्हते तशी यादी येथे नव्हती, हेही तितकेच खरे. मत देण्याचा अधिकार येथे कोणासच नव्हता. राज्य राजाचे होते. शिवाय नाशिकच्याच ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन शक-यवन-पह्लवांचा संहार करणारा व चार वर्णांचा संकर थांबविणारा असे करते. एकाच डोंगरात यवनांच्या नाशाची प्रौढी आणि यवनाचे दान, दोन्ही आहेत. त्यांतील एकच दाखवून दुसरे झाकणे इतिहासशिक्षकास शोभणारे नाही.

आपल्या जिल्ह्यात हा भेद फार जुना झालेला नाही. निजामाच्या राजवटीत ‘मुलकी’ व ‘गैरमुलकी’ हे शब्द नोकरीच्या प्रत्येक अर्जामागे उभे असत. भारतीय राज्यघटनेने १९५० पासून सर्व नागरिकांसाठी एकच नागरिकत्व ठेवले व प्रौढ स्त्रीपुरुषांस सारखे मत दिले. मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झाले. तरीही ऊसतोडीहून परतलेले किंवा वाळूजच्या कारखान्यांमुळे परप्रांतातून आलेले मूल हजेरीपटावर असूनही वर्गात ‘बाहेरचे’ राहते, हे अनेक शाळांत दिसते. लिसिआसची गोष्ट सांगताना शिक्षकाची नजर त्या मुलाकडे जाऊ नये. मात्र पुढील काम वाटून देताना त्याला गटप्रमुख नेमावे.

पाठाचे काम गणिताच्या तासाला जोडावे. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. पैकी २००० वर दरमहा शेकडा १ व १००० वर दरमहा शेकडा पाऊण व्याज ठरले, आणि हा व्यवहार नगराच्या निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदविला गेला. पहिल्या ठेवीच्या वार्षिक व्याजातून २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. व्याज पुरते की नाही, हे मुलांनी काढावे. त्यानंतर निगमसभा व प्निक्सवरची सभा यांत कोण बसत असेल, कोण नसेल, याची दोन स्तंभांची यादी फळ्यावर करावी व तिसरा स्तंभ गावच्या ग्रामसभेसाठी मोकळा ठेवावा. तो मुलांनी पुढील ग्रामसभेस वडीलधाऱ्यांबरोबर जाऊन, कोण आले, कोण बोलले हे पाहून भरावा.