दिवाडी बेटाची सहल कशी आखावी

सहल ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो तो उतरण्याच्या जागेचा, दुसरा खर्चाचा, आणि खाण्याचा प्रश्न बहुधा गाडीत बसल्यावर सुचतो. गोमंतकातील दिवाडी बेटाला जावयाचे असेल तर हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. तेथे काय खावयास मिळेल हे प्रथम पाहावे. ते कळण्यासाठी ऋतू पाहावा लागतो, ऋतू पाहताना तिथी पाहावी लागते, आणि तिथी कळली की पाण्याची वेळही कळते. पौषातला हुरडा वैशाखात मागणाऱ्या पाहुण्याला आपण हसतो. बेटावर जाऊन आपणही तसेच पाहुणे ठरू नये, एवढ्यासाठी हा लेख.

मांडवी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी तिच्या पात्रात जुवें, दिवाडी, चोडण अशी बेटे लागतात. 'जुवो' या कोंकणी शब्दाचा अर्थच मुळी बेट असा आहे. मांजरा आणि भीमा यांच्या काठी वाढलेल्या विद्यार्थ्यांना नदी एकाच दिशेने वाहते एवढेच ठाऊक असते. दिवाडीच्या काठी मात्र दिवसातून दोनदा समुद्राचे खारे पाणी नदीतून वर चढते आणि दोनदा उतरते. बेटाचे सारे अन्न या चढउतारावर अवलंबून आहे.

ते कसे, हे जरा सविस्तर पाहू. काठाकाठाने सखल जमिनीभोवती मातीचे बांध घालून तेथील पूर्वजांनी जी शेते तयार केली, त्यांस खाजण म्हणतात. बांधात एके ठिकाणी लाकडी झडपांचे दार असते, त्याचे नाव मानस. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देऊ लागले की झडपा आपोआप मिटतात. ओहोटीस बाहेरचे पाणी खाली गेले की आतल्या पाण्याच्या भाराने त्या उघडतात आणि शेतातले जादा पाणी निघून जाते. या दारापाशी रात्रंदिवस माणूस उभा करावा लागत नाही. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मातीतले मीठ धुऊन निघाले की भात करतात. कोरगुट नावाची भाताची एक जात तर उरलेसुरले मीठ सोसून पिकते. भात निघाल्यावर त्याच जमिनीत खारे पाणी घेतात आणि तेथे शेवटे, कालुंदर, सुंगटे वाढतात. पाणी बाहेर पडताना मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरावयाची. एकच शेत वर्षातून एकदा भात देते आणि एकदा मासळी. ताटात भात आणि हुमण, म्हणजे नारळाच्या रसातली मासळी, शेजारी का येते त्याचे उत्तर येथे आहे.

(कोंकणीत मासळीला 'नुस्तें' म्हणतात. मराठी माणसाला ते 'नुसते' असे ऐकू येते आणि यजमान नुसता भात वाढणार की काय, अशी त्याला शंका येते. माझी मातृभाषा कोंकणी असल्याने हा घोटाळा मी अनेकदा सोडविला आहे.)

ही व्यवस्था नाजूक आहे. बांध फुटून खारे पाणी शिरले तर जमीन काही वर्षे भाताच्या कामाची राहत नाही. पूर्वी बांधांची राखण गांवकारी ही गावाची संस्था करीत असे. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. आज गोमंतकात पुष्कळ खाजणे पडीक आहेत. मजूर मिळत नाहीत, आणि मुले परदेशी गेली आहेत. जाहिरातींतून झळकणारी इसवणाची तळलेली तुकडी बेटाची नव्हे. इसवण समुद्रातला मासा. म्हणून जेथे जेवाल तेथे कोरगुटाचा तांदूळ आहे काय, मासळी नदीतली काय, असे आवर्जून विचारावे. गिऱ्हाइकाने तांदूळ मागितला तर शेत करणाऱ्यास ते ठेवण्याचे कारण मिळते.

आता ऋतूंकडे वळू. मे महिन्यात मानकुराद आंबा मिळेल, फणस मिळेल. पण खाजणे सुकलेली असतात आणि उकाडा आपल्या कलबुर्गीहून कमी असला तरी घामट असतो. जून आणि जुलै हे दोन महिने समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा घरोघर सुक्या सुंगटांची किसमूर होते. श्रावणात हळदीची पाने मोठी होतात आणि त्यांत गूळ-खोबऱ्याचे सारण भरून वाफवलेल्या पातोळ्यो होतात. हिंदू घरी त्या नागपंचमीला आणि ख्रिस्ती घरी १५ ऑगस्टच्या सणाला. दोन्ही घरांत पान तेच, वासही तोच. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरां नावाचा निशाणांचा उत्सव भरतो. गावांतील हद्दीच्या तंट्यांतून तो निघाला, असे सांगतात. गर्दी फार होते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.

आपल्या शाळांना सोयीची सुट्टी दसऱ्याची. पाऊस ओसरलेला असतो, भात पिवळे झालेले किंवा कापणीला आलेले असते.

आपल्याकडील बऱ्याच घरांत मासळी चालत नाही, त्यांनी बिचकण्याचे कारण नाही. अनेक भाज्या आणि तूरडाळ घालून, तिरफळाचा वास लावून केलेले खतखते तेथे होते. कडधान्याचे तोंडाक होते. शेजारचे जुवें बेट भाजीसाठी प्रसिद्ध असून तेथील सात शिरांची भेंडी नावाजलेली आहे. आपण आंबटपणासाठी चिंच आणि अंबाडी वापरतो, तेथे कोकमाची सोले. भाकरी मात्र शोधू नये.

बीदरच्या विद्यार्थ्याला या बेटाशी नाते जोडणारा आणखी एक धागा आहे. महमूद गवानाचा मदरसा आपण नेहमी पाहतो. तो १४७२ सालचा, आणि त्याच वर्षी गवानाने गोवा जिंकून बहमनी राज्याला जोडला. त्याही आधी, चौदाव्या शतकात, गोव्याच्या कदंब राजांचे दैवत सप्तकोटेश्वर याचे दिवाडीवरील देवालय बहमनी अमलात भग्न झाले होते. विजयनगरचा मंत्री माधव याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे गेले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवालय बांधविले. दिवाडीवरून फेरीबोटीने नार्व्याला जाता येते. हा फेरा चुकवू नये.

प्रवासाचे थोडक्यात. बीदर–कलबुर्गी लोहमार्ग २०१७ साली सुरू झाला. कलबुर्गीहून विजयपूर, बेळगाव आणि चोर्ला घाट अशी वाट सरळ पडते. पणजीपासून जुने गोवे जवळ आहे. तेथे विजरईच्या कमानीतून खाली उतरले की धक्का लागतो आणि थोड्या मिनिटांत फेरीबोट दिवाडीला पोहोचविते. बेटावर राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, त्या आधी पत्र किंवा दूरध्वनी करून ठरवाव्यात. घरगुती जेवणही आदल्या दिवशी सांगावे; ताजी मासळी आणि किसलेला नारळ आयत्या वेळी तयार होत नसतात. शेवटच्या फेरीबोटीची वेळ धक्क्यावर उतरताच विचारून घ्यावी.

राहिले पंचांग. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. कोकणातील कोळी ढोबळ हिशेब असा करतात : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमेनंतर अंक पुन्हा एकपासून मोजावेत. नदीत आत ही वेळ थोडी पुढे जाते. विजयादशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि सव्वासहा तासांनी, पावणेदोनला, ओहोटी. पण अष्टमीच्या सुमारास भरती भांगाची असते, पाणी फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते. तेव्हा दसरा घरी करून निघावे आणि कोजागरीला बेटावर असावे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या वेळी बांधावर उभे राहिल्यास बाहेरचे पाणी आतल्या शेतापेक्षा उंच दिसेल आणि मानशीच्या झडपा घट्ट मिटलेल्या असतील. जेवून, थोडी विश्रांती घेऊन चारच्या सुमारास पुन्हा तेथे जावे; झडपा उघडून आतले पाणी नदीकडे धावत असेल.